दुर्मीळता आणि सातत्य : डिलनच्या दौऱ्यांचा हिशेब

आमच्या मंडळाच्या कार्यकारिणीत दर दोन-तीन वर्षांनी एक प्रश्न नव्याने निघतो. महिन्याच्या कार्यक्रमाला पंचवीस-तीस माणसे येतात, निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहतात. त्यापेक्षा वर्षातून एकच कार्यक्रम करावा, पण असा की सभागृह ओसंडून वाहील. हे म्हणणारे मंडळाच्या हिताचेच बोलत असतात, आणि त्यांच्या पाठीशी ‘अतिपरिचयादवज्ञा’ हे जुने वचन असते. सततच्या येण्याजाण्याने अनादर होतो, असे त्याच सुभाषिताचे पुढचे म्हणणे. गेल्या बैठकीत हा वाद पुन्हा रंगला तेव्हा आम्ही बॉब डिलनचे ‘क्रॉनिकल्स’ हे २००४ साली प्रसिद्ध झालेले आत्मकथन दुसऱ्यांदा वाचत होतो. त्यातील एका उताऱ्यात नेमक्या याच प्रश्नाला अगदी उलटे उत्तर दिलेले आहे. ते उत्तर कितपत टिकते, हे तपासण्याचा या लेखात प्रयत्न करावयाचा आहे.

रॉक संगीत हा आमच्या पुष्कळ वाचकांना परका विषय वाटेल, याची आम्हांस जाणीव आहे. परंतु डिलनला २०१६ साली साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले असल्याने साहित्यविषयक पत्रिकेत त्याचा विचार करण्यास वेगळ्या समर्थनाची गरज नसावी. शिवाय येथे प्रश्न संगीतापेक्षा श्रोत्यांचा आहे. वयोवृद्ध आणि कीर्तिमान कलावंत वारंवार दौरे काढू लागला की त्याच्या तिकिटांची मागणी घटते का, आणि घटत असेल तर त्यात कोणाचे काय बुडते, एवढाच तो प्रश्न.

प्रथम दुर्मीळतेची बाजू पाहू, कारण ती दिसायला भक्कम आहे. जुलै १९६६ मधील मोटारसायकलच्या अपघातानंतर डिलनने जवळजवळ साडेसात वर्षे दौरा काढला नाही. १९७४ च्या जानेवारीत तो ‘द बँड’ या वाद्यवृंदासह पुन्हा बाहेर पडला. तिकिटांची मागणी टपालाने नोंदवायची होती. उपलब्ध जागांच्या कितीतरी पट मागण्या आल्या. ईगल्स हा वृंद १९८० साली फुटला आणि चौदा वर्षांनी, १९९४ मध्ये, पुन्हा एकत्र आला. त्यांच्या उत्तम जागांच्या तिकिटांनी शंभर डॉलरची रेषा ओलांडली, आणि लोकांनी कुरकुरत का होईना ती घेतली. केट बुश या इंग्रज गायिकेने १९७९ नंतर दौरा केला नव्हता. २०१४ साली तिने लंडनच्या हॅमरस्मिथमध्ये बावीस रात्रींचे कार्यक्रम जाहीर केले, तेव्हा सगळी तिकिटे पाऊण तासदेखील उरली नाहीत. पंधरा मिनिटांच्या आसपास खिडकी बंद झाली. सर्वांवर कडी केली ती लेड झेपेलिनने. ढोलवादक जॉन बोनमच्या मृत्यूनंतर १९८० साली विसर्जित झालेला हा वृंद १० डिसेंबर २००७ रोजी लंडनमध्ये एका रात्रीपुरता, बोनमच्या मुलाला ढोलावर बसवून, एकत्र आला. सुमारे वीस हजार जागांसाठी दोन कोटी नोंदी झाल्याचे सांगितले गेले, आणि तिकिटे सोडत काढून वाटावी लागली.

या आकड्यांपुढे वाद संपला असे वाटेल. परंतु आकड्याने नेमके काय मोजले, हे समीक्षकाने विचारलेच पाहिजे. दोन कोटी नोंदी म्हणजे दोन कोटी श्रोते नव्हेत. नाव नोंदवायला पैसा पडत नव्हता आणि एकाच माणसाला अनेकदा प्रयत्न करण्याचा मोह होणे स्वाभाविक होते. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की ही मागणी त्या रात्रीच्या गाण्याची नव्हती. ते गाणे कसे होईल हे कोणालाच ठाऊक नव्हते. ती सत्तावीस वर्षे साठून राहिलेल्या ओढीची मागणी होती. धरणाचा दरवाजा उघडल्यावर येणारा लोंढा पाहून नदीचे मान ठरवू नये, तसेच हे.

आणि हे पाणी साठले कोठून? लेड झेपेलिन हा १९६८ पासूनच्या पहिल्या काही वर्षांत अमेरिकेत अखंड दौरे करणारा वृंद होता. त्याचा श्रोता वर्तमानपत्रांच्या कौतुकाने नव्हे, तर गावोगावच्या कार्यक्रमांनी घडला. ईगल्सचेही थोड्याफार फरकाने तसेच. म्हणजे ज्या दुर्मीळतेचा आपण गौरव करतो तिचे भांडवल बहुतेक वेळा आधीच्या सातत्यानेच जमवलेले असते. आमच्या वाचकांना येथे १९२१ सालचे ‘संयुक्त मानापमान’ आठवेल. टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले मुंबईत एका रंगमंचावर उभे राहिले, आणि त्याच वर्षी केशवराव गेल्याने तो योग कायमचा संपला. त्या प्रयोगाची आख्यायिका आजही सांगितली जाते. परंतु तिकिटांसाठी ती झुंबड उडाली ती गंधर्व आणि ललितकलादर्श या दोन्ही मंडळ्यांनी वर्षानुवर्षे गावोगाव मुक्काम करून आपापला प्रेक्षक जोपासला होता म्हणून. हे साम्य याहून अधिक ताणण्याची आमची इच्छा नाही. केट बुशचा अपवादही मान्य केला पाहिजे. तिचा श्रोता दौऱ्यांनी नव्हे, ध्वनिमुद्रिकांनी घडवला. पण अपवाद म्हणूनच तो लक्षात राहतो.

आता डिलनच्या उताऱ्याकडे वळू. तो ‘क्रॉनिकल्स’मधील ‘ओह मर्सी’ या प्रकरणात येतो. काळ १९८७ चा. टॉम पेटी आणि त्याच्या वृंदाबरोबर डिलन मोठमोठ्या मैदानांत गात आहे, आणि आतून रिकामा झाला आहे. स्वतःची गाणी त्याला परकी वाटतात. पेटी ऐन भरात आहे आणि आपण तळाला आहोत, हे तो लपवत नाही. समोरचा समुदाय आपल्याला ऐकायला आलेला नसून एका आख्यायिकेचे दर्शन घ्यायला आला आहे, ही जाणीव त्याला छळते. स्वित्झर्लंडमधील लोकार्नो येथील एका रात्री आवाजच फुटेना, आणि त्या भीतीतूनच गाण्याची वेगळी रीत सापडली, असे तो सांगतो. पुढे दौऱ्यांची व्यवस्था पाहणाऱ्या एलियट रॉबर्ट्सला तो म्हणतो की पुढच्या वर्षी दोनशे कार्यक्रम लावावेत. आणि त्याच्या पुढच्या वर्षी, त्याच्याही पुढच्या वर्षी, त्याच गावांना परत जावे. रॉबर्ट्सला हे पटत नाही. काही काळ मध्ये जाऊ द्यावा, हे व्यवसायातले प्रचलित शहाणपण तो बोलून दाखवतो.

यावर डिलन जो हिशेब मांडतो तो मोठा विलक्षण आहे. आपल्याला तीन वर्षे लागतील, असे तो धरतो. पहिल्या वर्षानंतर जुन्या वयाचे पुष्कळ श्रोते परत येणार नाहीत. दुसऱ्या वर्षी तरुण श्रोते मित्रांना घेऊन येतील आणि संख्या भरून निघेल. तिसऱ्या वर्षी ते मित्र आणखी मित्र आणतील, आणि त्यांतून पुढच्या आयुष्यभराच्या श्रोतृवर्गाचा गाभा तयार होईल.

हा उतारा आम्ही प्रथम वाचला तेव्हा त्यात केवळ उमेद दिसली होती. दुसऱ्या वाचनात त्यातला निष्ठुरपणा दिसला. वारंवार गेल्याने मागणी घटेल हे डिलन नाकारत नाही. उलट ती घटावी हीच त्याची योजना आहे. आख्यायिकेच्या दर्शनाला येणारा माणूस एकदा येतो, समाधान पावतो किंवा निराश होतो, आणि दोन्ही स्थितींत पुन्हा येत नाही. त्याला लवकर निरोप मिळावा, हा वारंवारतेचा पहिला उपयोग. रॉबर्ट्स तिकिटे मोजत होता आणि डिलन श्रोते मोजत होता. दोघांचाही हिशेब आपापल्या जागी बरोबर होता, पण एकके वेगळी होती.

एक कल्पित उदाहरण घेऊ. एखाद्या शहरात एका गायकाचे दहा हजार चाहते आहेत. तो दहा वर्षांतून एकदा आला तर दहाही हजार येतील, मैदान भरेल, काळा बाजार होईल. तो दरवर्षी आला तर प्रत्येक वेळी दोनच हजार येतील. लोक म्हणतील, पूर्वी मैदान भरत असे, आता नाट्यगृहावर आला. परंतु दहा वर्षांत वीस हजार आसने भरली. शिवाय त्या दोन हजारांत दरवर्षी काही नवे चेहरे आले. मागणी प्रत्येक रात्रीपुरती घटली, एकूण वाढली. वृत्तपत्रांना पहिली गोष्ट दिसते, कारण रिकामी खुर्ची छायाचित्रात येते. दहा वर्षांची बेरीज येत नाही.

प्रत्यक्षात घडलेही बरेचसे असेच. ७ जून १९८८ रोजी कॅलिफोर्नियातील कॉन्कॉर्ड येथे सुरू झालेला दौरा ‘नेव्हर एंडिंग टूर’, म्हणजे न संपणारा दौरा, या नावाने ओळखला जाऊ लागला. डिलनने स्वतः १९९३ च्या एका ध्वनिमुद्रिकेच्या टिपणात या नावाची थट्टा केली, पण नाव चिकटले ते चिकटलेच. वर्षाला सुमारे शंभर कार्यक्रम या गतीने २०१९ पर्यंत तीन हजारांचा टप्पा गाठला गेला. जागा लहान होत गेल्या: नाट्यगृहे, महाविद्यालयांची क्रीडागृहे, २००४ साली तर विली नेल्सनसह छोट्या गावांतील बेसबॉलची मैदाने. महासाथीच्या खंडानंतर नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याने नव्या नावाने दौरा सुरू केला, आणि २०२५ साली, चौऱ्याऐंशीव्या वर्षीही, तो रस्त्यावरच होता.

येथे तीन आक्षेप विचारात घेतले पाहिजेत. पहिला, पुस्तकाच्या विश्वासार्हतेचा. ‘क्रॉनिकल्स’ हे काटेकोर आत्मचरित्र नव्हे. त्यातील कालक्रम सैल आहे, आणि अनेक वाक्प्रयोग इतरांच्या पुस्तकांतून उचललेले असल्याचे अभ्यासकांनी दाखवले आहे. दौरा सुरू होऊन सोळा वर्षे लोटल्यावर हा हिशेब छापला गेला, तेव्हा पश्चात्बुद्धीला पूर्वयोजनेचे रूप दिले गेले असण्याचा संभव आम्ही नाकारत नाही. परंतु हिशेब १९८७ चा असो वा २००४ चा, तो बरोबर आहे की नाही हा प्रश्न वेगळा राहतो.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. डिलनला हे परवडले. त्याच्या गीतांच्या हक्कांचे उत्पन्न एवढे होते की रिकाम्या खुर्च्यांनी त्याची चूल विझणार नव्हती. ज्या वृद्ध गायकाजवळ असे काही नाही, त्याला श्रोत्यांची चाळणी लावण्याची चैन करता येत नाही. हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. मात्र त्याची दुसरी बाजूही आहे. प्रिन्स्टनचे अर्थशास्त्रज्ञ ॲलन क्रूगर यांनी २००५ साली रॉक कार्यक्रमांच्या बाजारपेठेवर एक निबंध प्रसिद्ध केला. १९९६ ते २००३ या काळात अमेरिकेत सर्वसाधारण किमती सतरा टक्क्यांनी वाढल्या, तर कार्यक्रमांच्या तिकिटांचे दर ब्याऐंशी टक्क्यांनी. क्रूगर यांचे स्पष्टीकरण असे की पूर्वी कार्यक्रम ही ध्वनिमुद्रिकेची जाहिरात होती. तिकीट स्वस्त ठेवले की तबकड्या खपत. संगणकावरून गाणी फुकट मिळू लागल्यावर तबकडीचे उत्पन्न आटले आणि कार्यक्रमालाच स्वतःचा खर्च भरून काढावा लागला. यापुढे दौरे हाच आधार राहील, असे डेव्हिड बोवीने २००२ सालीच सांगून ठेवले होते. तेव्हा वृद्ध गायक वारंवार दौरे काढतात ते पुष्कळदा हौसेने नव्हे, गरजेने.

येथे एक गल्लत नेहमी होते. सभागृह रिकामे दिसले की ‘हे फार वेळा येतात’ असे म्हटले जाते. कारण मात्र अनेकदा दर हे असते. रोलिंग स्टोन्सनी २०१३ साली अमेरिकेत दौरा काढला तो कित्येक वर्षांच्या खंडानंतर. म्हणजे अतिपरिचयाचा दोष नव्हता. तरीही उत्तम जागांचे दर सहाशे डॉलरपर्यंत गेल्याने मागणी अडखळली, आणि पंच्याऐंशी डॉलरची मर्यादित तिकिटे काढावी लागली. हेच स्टोन्स एप्रिल २००३ मध्ये बंगळूर आणि मुंबई येथे प्रथमच गायले, तेव्हा ब्रेबोर्न स्टेडियमवरील श्रोत्यांपैकी अनेकांनी त्यांची चाळीस वर्षे वाट पाहिली होती. तेथे वारंवारतेचा प्रश्नच नव्हता. तात्पर्य, मागणी ही अंतर, दर आणि वाट पाहण्याचा काळ या तिहींची मिळून बनते. एकट्या वारंवारतेवर खापर फोडणे अन्यायाचे आहे.

तिसरा आक्षेप कलेच्या बाजूने येतो, आणि समीक्षकाला तोच सर्वांत महत्त्वाचा. रोज गाणारा रोज चांगले गात नाही. १९९१ च्या सुमाराचे डिलनचे काही कार्यक्रम त्याच्या निष्ठावंतांनाही निराश करून गेले. चाली इतक्या बदललेल्या की अर्धे गाणे झाल्यावर ते ओळखू येई. हे खरे आहे. पण वारंवारता आणि पुनरावृत्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे येथेच ध्यानात येते. ग्रेटफुल डेड या वृंदाने १९६५ ते १९९५ या तीस वर्षांत तेवीसशेहून अधिक कार्यक्रम केले, आणि १९९० च्या दशकाच्या आरंभी तो अमेरिकेतील सर्वाधिक कमाई करणाऱ्या दौऱ्यांत गणला जाई. अतिपरिचयाच्या नियमानुसार असे व्हायला नको होते. पण त्यांची गाण्यांची यादी रोज वेगळी असे आणि गाणे रोज वेगळ्या वाटेने जाई. १९८४ पासून ध्वनिमुद्रण करणाऱ्या श्रोत्यांसाठी त्यांनी बसण्याची खास जागाच राखून ठेवली. फुकट फिरणाऱ्या त्या फितींनी मागणी मारली नाही, वाढवली. कालच्या तिकिटाने आजचे तिकीट निरुपयोगी होत नव्हते, कारण आजची वस्तू वेगळी होती.

तथापि, रोज बदल हेच एकमेव औषध, असाही नियम बांधता येत नाही. २०२१ नंतरच्या दौऱ्यात डिलनची यादी बव्हंशी ठरलेली असे. मात्र ती २०२० च्या नव्या संग्रहातील गाण्यांवर उभी होती. ऐंशी वर्षांचा माणूस साठ वर्षांपूर्वीची कीर्ती विकत नव्हता, काल लिहिलेले ऐकवत होता. आणि ते लिहिण्याचे बळ दौऱ्यांतूनच आले, असे आम्हांस वाटते. बास वाजवणारा टोनी गार्निए १९८९ पासून त्याच्याबरोबर आहे. २००१ चा ‘लव्ह अँड थेफ्ट’ हा संग्रह त्याने दौऱ्यातील वादकांना घेऊनच मुद्रित केला. सातत्याचा लाभ तिकीटबारीवर दिसत नाही. तो कामात दिसतो, आणि उशिरा दिसतो.

दुर्मीळतेचा एक कृत्रिम प्रकारही आहे, त्याचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. तो म्हणजे निरोपाचा दौरा. द हू या वृंदाने १९८२ साली निरोप घेतला आणि १९८९ साली ते परतले. किसने २००० साली निरोपाचा दौरा सुरू केला. अखेरचा म्हणून जाहीर केलेला त्यांचा कार्यक्रम झाला तो २०२३ च्या डिसेंबरात. ग्रेटफुल डेडच्या उरलेल्या सदस्यांनी जुलै २०१५ मध्ये शिकागोच्या ज्या मैदानावर जेरी गार्सिया अखेरचा गायला होता तेथेच तीन रात्री निरोप घेतला, आणि त्याच वर्षी त्यांतील काहींनी नवा वृंद काढून पुन्हा दौरे सुरू केले. एल्टन जॉनचा निरोप सप्टेंबर २०१८ ते जुलै २०२३ असा चालला आणि त्यात तीनशे तीस कार्यक्रम झाले. त्याने निदान शब्द पाळून दौरे थांबवले. परंतु एकूण पाहता ‘शेवटचे’ या शब्दाची पत अशा वापराने उतरत जाते.

खरा शेवट जाहिरात देऊन येत नाही. १९८७ च्या त्या मैदानांत ऐन भरात असलेला टॉम पेटी सप्टेंबर २०१७ मध्ये लॉस एंजल्सच्या हॉलिवुड बाउलमध्ये तीन रात्री गायला. शेवटची रात्र २५ तारखेची. २ ऑक्टोबरला तो गेला. पुढच्या वर्षी जाऊ, असे म्हणून घरी राहिलेले श्रोते त्या शहरात नक्कीच असतील. वृद्ध कलावंताच्या बाबतीत दुर्मीळता निर्माण करावी लागत नाही. वय ती आपोआप करीत असते. म्हणून ‘नेहमीच तर येतात’ हे वाक्य वृद्धाच्या संदर्भात कधीच पूर्ण खरे नसते. उरलेल्या वेळा कितीही असोत, त्या मोजक्याच असतात.

आता आमच्या कार्यकारिणीतल्या प्रश्नाकडे. वर्षातून एक मोठा कार्यक्रम करावा की महिन्याला एक लहान? डिलनचा हिशेब जसाच्या तसा आम्हांस लागू होत नाही. आमच्याकडे आख्यायिका नाही, आणि मित्रांना घेऊन येणारे तरुणही थोडे. परंतु एक गोष्ट आम्ही त्या उताऱ्यापासून शिकलो. वार्षिक कार्यक्रमाला जे सभागृह भरते ते बाहेरून बोलावलेल्या नामवंताच्या दर्शनासाठी भरते, आणि त्या नामवंताबरोबरच रिकामे होते. महिन्याचे पंचवीस-तीस लोक मात्र पुढच्या महिन्यातही येतात. मराठी मुलखापासून दूर राहून चार-पाच पिढ्या भाषा टिकली ती अशाच पंचवीस-तीस जणांमुळे, हे आपणा जुन्या घराण्यांतील मंडळींना कोणी वेगळे सांगायला नको.

मात्र सातत्याची अट डिलनने घातली तीच राहील. त्याच त्या वक्त्याचे तेच ते व्याख्यान दर महिन्याला ठेवून श्रोता येत नाही अशी तक्रार करण्याचा अधिकार आम्हांस नाही. रिकाम्या खुर्च्यांचा दोष बारा कार्यक्रमांवर टाकण्यापूर्वी त्या बाराही वेळी आपण काही नवे ऐकवले का, हे आम्ही स्वतःस विचारले पाहिजे. पुढच्या बैठकीत आम्ही बाराच्या बाजूने मत देणार आहोत, आणि हा प्रश्नही तेथे मांडणार आहोत.